फंडातला वाटा आणि आयकर

(कौटुंबिक सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



घटस्फोटाची बोलणी सुरू झाली की आपण दागिने, भांडी, राहते घर यांची यादी करतो. स्त्रीधन परत मिळावे म्हणून भांडतो. नवऱ्याच्या प्रॉव्हिडंट फंडाचे नाव मात्र त्या यादीत क्वचितच असते. नोकरदाराच्या घरात अनेकदा सर्वांत मोठी शिल्लक तीच असते. तो कामावर जात होता तेव्हा स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूसासऱ्यांची आजारपणे कोणी काढली? फंड कापून हाती आलेल्या पगारात घर कोणी चालवले? तरी फंडाच्या खात्यावर नाव त्याच्या एकट्याचे. या फंडाचा आणि त्यासोबत येणाऱ्या आयकराचा हिशेब आज मांडायचा आहे.

आधी कायदा पाहू. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्याने फंडाच्या रकमेला कोर्टाच्या जप्तीपासून संरक्षण दिले. हेतू चांगला होता. कामगाराचा म्हातारपणाचा पैसा सावकाराच्या घशात जाऊ नये. पण त्याच भिंतीआड बायकोचा वाटाही अडकून पडला. फंडाचे दोन भाग करून एक बायकोच्या खात्यात वळवा, असा हुकूम देण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने ती झाली. तिथे कोर्टाचा हुकूम दाखवून खाजगी नोकरीतल्या निवृत्ती योजनेतला वाटा थेट घटस्फोटित जोडीदाराच्या नावे निघू शकतो. तो तिने आपल्या निवृत्तीच्या खात्यात सरळ वळवला, तर त्या वेळी करही लागत नाही.

आपल्याकडे बायकोचा वाटा येतो तो पोटगीच्या दाराने. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कोर्ट कायम पोटगी एकरकमी किंवा दरमहा ठरवू शकते, आणि ती ठरवताना नवऱ्याचे उत्पन्न व मालमत्ता पाहते. फंडाची शिल्लक या मालमत्तेत धरा, असा आग्रह आपण धरायचा. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे आवश्यक केले. त्यात फंड दाखवला नसेल तर वकिलाकरवी विचारा. पगाराच्या स्लिपवर फंडाची कपात छापलेली असते, ती जपून ठेवा.

आता कराकडे येऊ. १९८० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगडच्या महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात फरक स्पष्ट केला: एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, तिच्यावर आयकर नाही, दरमहाची पोटगी हे उत्पन्न, ते बाईच्या हाती करपात्र. गंमत अशी की दरमहा पोटगी देणाऱ्या नवऱ्याला त्या रकमेची वजावट मिळत नाही. म्हणजे त्याच पैशावर एकदा त्याच्याकडून आणि पुन्हा तिच्याकडून कर घेतला जाऊ शकतो.

आकड्यांत पाहू. समजा, नवऱ्याच्या फंडात २४ लाख आहेत आणि १२ लाख बायकोला द्यायचे ठरले. एकरकमी दिले तर त्या १२ लाखांवर कर नाही. ते तिने बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ८४,००० रुपये व्याज येईल. व्याज हे उत्पन्न धरले जाते, पण दुसरी कमाई नसेल तर ते करमर्यादेच्या आत राहते. तसे निवेदन बँकेला वेळेवर द्यावे, म्हणजे बँक कर कापत नाही. दरमहा १०,००० ठरले, तर १२ लाख हाती यायला दहा वर्षे लागतात. मुद्दल साठत नाही, नवऱ्याने थकवले की कोर्टाच्या चकरा सुरू, आणि तिने पुन्हा लग्न केले तर तो हुकूम बदलून मागू शकतो. कमी उत्पन्नाच्या बाईला दोन्ही प्रकारांत कर लागणार नाही. नोकरी करणाऱ्या बाईच्या पगारात मात्र ही पोटगी मिळवली जाते आणि कर वाढतो.

सही करण्यापूर्वी चार गोष्टी तपासा.

एक, "फंड काढला की कर जाईल, म्हणून कमी देतो," असे नवऱ्याकडून सांगितले जाते. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला मान्यताप्राप्त फंडातली साठलेली रक्कम काढताना सर्वसाधारणपणे कर लागत नाही. ही सबब मानू नका.

दोन, रक्कम हप्त्यांनी मिळणार असेल तर तडजोडीच्या अटींत एकूण आकडा लिहा आणि "एकरकमी कायम पोटगीचे हप्ते" असे शब्द घाला. नाहीतर ती दरमहाची पोटगी समजली जाण्याचा धोका आहे.

तीन, "आता कमी लिहू, उरलेले नंतर देतो" हे तोंडी वचन घेऊ नका. घटस्फोटानंतर तो माणूस आयकराच्या दृष्टीने नातेवाईक राहत नाही. हुकुमाबाहेर त्याने दिलेली रक्कम भेट ठरली आणि वर्षात ५०,००० च्या वर गेली, तर सगळ्या रकमेवर कर लागू शकतो. घर किंवा ठेव फंडाच्या बदल्यात मिळणार असेल तरी हुकुमात तसे लिहून घ्या.

चार, निवृत्तिवेतन. घटस्फोट झाला की नवऱ्यामागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन बाईला मिळत नाही. बोलणी करताना हे नुकसानही मोजा.

आपल्या स्वतःच्या फंडाचे काय? घर सोडावे लागते, गाव बदलते, नोकरी सुटते आणि घाईत बाई फंड काढून टाकते. नोकरी पाच वर्षांच्या आतली असेल तर त्यावर कर बसतो. नवी नोकरी मिळताच खाते तिकडे वळवले तर मागची वर्षे धरली जातात. आणि नॉमिनीचा अर्ज नव्याने भरा. जुन्या अर्जावर नवऱ्याचेच नाव राहिले तर पुढे मुलांना कचेरीचे खेटे घालावे लागतात.

लग्नातली कमाई दोघांची, हा विचार आपल्या भूमीला परका नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशाने, वेगळा करार नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. आयकर कायद्यानेही तिथे नवराबायकोचे उत्पन्न निम्मे-निम्मे धरले, पण पगार वगळून! पगार आला की तो पुन्हा त्याचा एकट्याचा. २०१३ मध्ये राज्यसभेने विवाह कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक मंजूर केले. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद त्यात होती. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि ते विधेयक बारगळले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. लग्नाच्या काळात साठलेला फंड ही दोघांची मिळकत माना, कोर्टाच्या हुकमाने तो वाटता येऊ द्या, आणि बाईचा वाटा तिच्या निवृत्ती खात्यात जाताना कर लावू नका. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला दागिन्यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारायचा: "त्यांच्या फंडात किती आहेत?"