रोजकीर्दीची वही केवढी असावी?

व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या मुख्य असतात. दिवसभराचा व्यवहार जसजसा घडेल तसतसा जिच्यांत टिपला जातो ती रोजकीर्द. आणि तोच व्यवहार पुढें ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडला जातो ती खतावणी. खतावणी आगींत जळाली, तरी मागचा ताळेबंद आणि त्यानंतरची रोजकीर्द शाबूत असल्यास चिकाटीचा कारकून ती पुन्हां उभी करूं शकतो. रोजकीर्दच हरवली, तर मात्र पेढीची पत गेलीच म्हणून समजावें. जमाखर्चाचें हें जुनें तत्त्व संगणकाच्या युगांतहि तसेंच अबाधित राहिलें आहे.

ठेवीदारांचीं खातीं, प्रवासाचीं आरक्षणें, रुग्णांच्या नोंदी इत्यादि माहितीचा सांभाळ जो प्रोग्राम करतो, त्यास डेटाबेस म्हणतात. पोस्टग्रेस हा त्यांपैकीं एक नामांकित डेटाबेस होय. त्याचा आरंभ १९८६ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेंत, प्राध्यापक मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखालीं झाला. १९९६ पासून तो पोस्टग्रेसक्यूएल या नांवानें ओळखला जातो. त्याचें मूळ लिखाण सर्वांस खुलें आहे, आणि देशोदेशींचे जाणकार त्यांत सुधारणा सुचवितात. सुचविलेल्या सुधारणेच्या मसुद्यास पॅच असें नांव आहे. लहानसहान दुरुस्त्या सोडल्या, तर असा मसुदा मूळ लिखाणांत दाखल होण्यापूर्वीं दुसऱ्या जाणकारांनीं तो बारकाईनें तपासावा, अशी तेथें रीत आहे. ज्या पॅचचा येथें विचार करावयाचा, तो दिसण्यांत अगदींच साधा होता. रोजकीर्दीची एक वही केवढी असावी हें ठरविण्याची मुभा वापरणारास द्यावी, एवढेंच त्यांत मागणें होतें.

या डेटाबेसांत रोजकीर्दीची पद्धत २००१ सालच्या ७.१ या आवृत्तीपासून आली. आधीं टिपण, मग खतावणी, हा तिचा नियम. कोणीं खात्यांत पैसे भरले कीं त्या बदलाची नोंद प्रथम रोजकीर्दींत होते. आणि सर्वसाधारण व्यवस्थेंत ती नोंद डिस्कवर खरोखर उतरल्यावरच व्यवहार पुरा झाल्याची पावती मिळते. खतावणीचें पान मागाहून सवडीनें बदललें जातें. मध्येंच वीज गेली, तर यंत्र पुन्हां सुरू होतांना ताळा घेतल्याच्या शेवटच्या खुणेपासून रोजकीर्द वाचीत येतें आणि राहून गेलेल्या नोंदी खतावणींत चढवितें.

ही रोजकीर्द एका अखंड फाइलींत नसते. सारख्या आकाराच्या अनेक फाइलींत ती विभागलेली असते. प्रत्येक फाइल म्हणजे एक वही. वहीचा आकार वर्षानुवर्षें १६ मेगाबाइट असा ठरून गेला होता. एक वही भरली कीं दुसरी उघडावयाची. आणि तशी व्यवस्था केलेली असल्यास भरलेल्या वहीची नक्कल दूरच्या सुरक्षित जागीं ठेवावयाची, असा हा क्रम.

पुढें यंत्रांचा वेग वाढला, व्यवहारहि वाढला. जेथें सेकंदास १६० मेगाबाइट नोंदी होतात, तेथें दर सेकंदास दहा वह्या भरतात. आणि नक्कल करण्याची आज्ञा तर दर वहीमागें एक, याप्रमाणें सुटावयाची. नक्कल करणारा मागें पडला, कीं न पाठविलेल्या वह्यांचा ढीग मूळ जागींच साचूं लागतो. एक टेराबाइट रोजकीर्दीच्या अशा ६५,५३६ फाइली होतात. तीच वही एक गिगाबाइटची असेल, तर फाइली अवघ्या १,०२४ होतात. २००९ सालच्या ८.४ या आवृत्तींत आकार बदलण्याची एक वाट निघाली होती. परंतु ती मूळ लिखाणापासून प्रोग्राम बांधतांनाच उपयोगाची. बहुतेक लोक प्रोग्राम तयार बांधलेला घेतात; त्यांच्या दृष्टीनें तो अधिकार असून नसल्यासारखाच होता. २०१६ सालीं नेहमींचा आकार १६ वरून ६४ मेगाबाइटांवर न्यावा, अशी सूचना आली. तिच्या चर्चेंतून पुढें असा विचार रुजला, कीं एकच मोठा आंकडा सर्वांवर लादण्यापेक्षां डेटाबेस प्रथम उभारतांना ज्याचा त्यानेंच आकार निवडावा.

वरवर पाहणारास वाटेल, कीं लिखाणांत जेथें १६ आहे तेथें तो खोडून ‘निवडलेला आकार’ असें लिहिलें म्हणजे काम झालें. तपासणाराचें खरें काम मात्र तेथूनच सुरू होतें. जो आंकडा सोळा वर्षें हलत नाहीं, त्यावर विसंबून किती जणांनीं आपापलीं गणितें मांडलीं असतील, याचा पत्ता आंकडा बदलणारासहि नसतो. नवा आंकडा बरोबर आहे कीं नाहीं हें पाहणें सोपें. जुना आंकडा कोणकोणीं मुकाट्यानें गृहीत धरला आहे हें शोधणें कठीण.

पहिला प्रश्न वेगाचा. रोजकीर्दींतील एखादी जागा कोणत्या वहींत पडते हें काढण्यास भागाकार लागतो. भाजक कायमचा ठरलेला आणि दोनाचा घात असला, म्हणजे कंपायलर भागाकार टाळून अंक सरकविण्याची सोपी युक्ति योजतो. भाजक चालू वेळीं ठरणारा झाला, कीं ही सवलत आपोआप मिळत नाहीं. त्यामुळें काम मंदावेल काय, याचें उत्तर तर्कानें देऊन भागत नाहीं. प्रत्यक्ष मोजूनच तें द्यावें लागतें.

दुसरा प्रश्न नांवांचा. प्रत्येक वहीचें नांव चोवीस अक्षरांचें असून त्यांतील शेवटचीं आठ अक्षरें चार गिगाबाइटांच्या एका खंडांतील तिचा क्रमांक सांगतात. वही १६ मेगाबाइटांची असेल, तर खंडांत २५६ वह्या मावतात. एक गिगाबाइटची असेल, तर चारच. क्रमांक शून्यापासून सुरू होतात. म्हणून अशा मोठ्या वह्यांत ३ नंतर ४ हा क्रमांक नसतोच, पुढल्या खंडाचा शून्य येतो. २५६ हा आंकडा मनांत धरून कोणीं एखादें हत्यार लिहिलें असेल, तर तें कधींहि न येणाऱ्या चौथ्या क्रमांकाची वाट पाहत बसेल.

तिसरा प्रश्न सोबतच्या छोट्या प्रोग्रामांचा. कोणी दुसऱ्या यंत्रावर रोजकीर्द उतरवून घेतो, कोणी ती उलगडून दाखवितो. या प्रत्येकास आतां आकार कोठून कळावा? चालत्या सर्व्हरशीं जो जोडलेला आहे तो सर्व्हरलाच विचारूं शकतो. ज्याच्या हातीं डेटाबेसाची नियंत्रण-फाइल आहे त्यास ती सांगते. आणि ज्याच्यासमोर एक सुटी वहीच काय ती आहे, त्याच्यासाठीं वहीच्या पहिल्या पानाच्या माथ्यावर आकार लिहिलेला असतो. तेथें भलताच आंकडा आढळल्यास त्यावर विश्वास न ठेवतां थांबणें, हेंहि त्या प्रोग्रामानें शिकलें पाहिजे. म्हणून आकारास मर्यादा हवी. ती एक मेगाबाइटापासून एक गिगाबाइटापर्यंत, आणि दोनाच्या घातांतच, अशी ठरली.

यानंतर तपासणारास वापरणाराच्या जागीं बसून पाहावें लागतें. मोठी वही सर्वांसच सोयीची नाहीं. व्यवहार थोडा असून दर पांच मिनिटांस वही बदलून नक्कल पाठविण्याची व्यवस्था असेल, आणि व्यवहार अखंड चालू असेल, तर दिवसांत २८८ वह्या निघतात. अर्धवट भरलेली वहीहि पुऱ्या आकाराची असते. १६ मेगाबाइटांच्या हिशेबानें त्या साडेचार गिगाबाइट होतात. एक गिगाबाइटच्या हिशेबानें २८८ गिगाबाइट. शिवाय जेथें भरलेल्या वहीच्या नकलेवरच सर्व भिस्त आहे आणि ठराविक वेळानें वही बदलण्याची व्यवस्था नाहीं, तेथें मूळ यंत्र नष्ट झाल्यास न भरलेली शेवटची वही जाते. वही जितकी मोठी, तितका तोट्याचा संभवहि मोठा. आणखी एक गोष्ट अशी, कीं डेटाबेस उभारतांना रोजकीर्दीसाठीं डिस्कवर राखावयाच्या जागेच्या सीमा वहीच्या आकारावरून ठरतात: खालची पांच वह्यांची, वरची चौसष्ट वह्यांची. १६ मेगाबाइटांस त्या ८० मेगाबाइट व एक गिगाबाइट होतात. एक गिगाबाइटच्या वहीस पांच व चौसष्ट गिगाबाइट. हें माहितीपुस्तकांत स्पष्ट लिहिलें आहे कीं नाहीं, हें पाहणें लिखाण तपासण्याइतकेंच महत्त्वाचें.

शेवटीं परीक्षा. नेहमींच्याच आकारावर सर्व चांचण्या घेतल्या आणि त्या उतरल्या, तर त्यावरून नवी मुभा निर्दोष आहे असें सिद्ध होत नाहीं. जुनें कांहीं मोडलें नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. म्हणून एक मेगाबाइटची वही घेऊन, एक गिगाबाइटची घेऊन, यंत्र मुद्दाम मध्येंच बंद पाडून, नकलेवरून सर्व संग्रह पुन्हां उभा करून पाहावा लागतो. या जातीचा दोष ज्या दिवशीं शिरतो त्या दिवशीं दिसत नाहीं. व्यवहार सुरळीत चालतो, पावत्या मिळतात, नकला साठत जातात. आणि एखाद्या रात्रीं डिस्क निकामी झाल्यावर, नेमक्या त्याच नकला वाचण्याची वेळ येते तेव्हां तो उघडा पडतो. त्या घटकेस ज्याच्या ठेवीचा प्रश्न असतो, त्या गृहस्थानें मेगाबाइट हा शब्दहि कदाचित् ऐकलेला नसतो.

हा पॅच सप्टेंबर २०१७ मध्यें मूळ लिखाणांत दाखल झाला आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजीं प्रसिद्ध झालेल्या अकराव्या आवृत्तीबरोबर लोकांच्या हातीं आला. त्याच आवृत्तींत, व्यवस्थित बंद केलेल्या डेटाबेसाच्या वहीचा आकार मागाहून बदलण्याचीहि सोय झाली. निवड न करणारासाठीं मात्र १६ मेगाबाइट हा जुनाच आकार राखला गेला, आणि तो आजहि तसाच आहे. ज्यास अडचण होती त्याची वाट मोकळी झाली. ज्यास नव्हती त्यास कांहीं बदललें असें जाणवलेंहि नाहीं.

पेढीवर हिशेबतपासनीस असतो. त्याच्या हातून रुपयाची कमाई होत नाहीं. परंतु त्याची सही असल्यावांचून ताळेबंदास किंमत येत नाहीं. लिखाण तपासणारा हाहि त्याच जातीचा मनुष्य होय. दुसऱ्याच्या कामांत उणें काढण्यांत त्यास आनंद असतो असें नाहीं. आपण न पाहिलेल्या कोण्या माणसाची नोंद, आपण न पाहिलेल्या कोण्या रात्रीं शाबूत राहावी, यासाठीं तो एका आंकड्यामागें आठवडेच्या आठवडे घालवितो. नवें करणाराच्या बुद्धीचें कौतुक होतें, आणि तें योग्यच आहे. त्याच्या पाठीमागें बसून प्रत्येक बेरीज पुन्हां मांडून पाहणाराचें स्मरणहि समाजानें ठेवावें.