वंशावळीला साक्षीदार दोन हवेत

अध्यक्ष महाराज आणि या थंडीत मागच्या रांगेपर्यंत बसलेल्या चांदेकरांनो,

पत्रिकेवर 'चांद्याच्या गोंड राजघराण्याची वंशावळ' असं छापलंय. खांडक्या बल्लाळशहाचं दुखणं, झरपटीचं पाणी, कुत्र्यामागे लागलेला ससा, हे चांदा वसल्याचं पुराण मी सांगणार नाही. इथलं शेंबडं पोरही ते माझ्यापेक्षा बरं सांगेल. (हशा)

मला बोलायचंय सोयरिकींवर. माझं म्हणणं एवढंच, की वंशावळ बाप-लेकाच्या रेघेवरून तपासू नका, लग्नांवरून तपासा. 'मी अमक्याचा वंशज' म्हणायला एकच घर पुरतं. लग्न झालं म्हणायला दोन घरं लागतात. त्यातून गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळं. सारख्या देवसंख्येत लग्न नाही. तेव्हा खोटी सोयरीक मांडणाऱ्याला आधी देव मोजावे लागतात.

बाप-लेकाची रेघ काय सांगते बघा. मेजर ल्युसी स्मिथच्या 1869च्या जमाबंदी अहवालात भीम बल्लाळसिंगापासून नीलकंठशहापर्यंत 19 राजे आहेत, सन 870 ते 1751. भागाकार करा. दर राजाला 46 वर्षं! राजवाड्यात, भाऊबंदांच्या गराड्यात! (हशा) बाबाजी बल्लाळशहा मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीस आईन-इ-अकबरीत सापडतो, हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळासह. त्याच्यापासून पुढे सहा नावं, दीडशे वर्षं. हा हिशेब माणसांचा वाटतो. त्याआधीच्या नावांवर मी पैज लावणार नाही.

आता मानकुंवर. चांद्याचा राजा बीरशहा याची लेक, देवगडच्या दुर्गशहाला दिलेली. देवगड म्हणजे आजच्या छिंदवाड्याकडचं, तेव्हाचं दुसरं मोठं गोंड राज्य. बरोबरीचं घर बघून दिली. नवऱ्याने अपमान केला आणि लेकीने माहेरी सांगावा धाडला. बीरशहा फौज घेऊन निघाला. निघताना महाकालीला बोलला, जावयाचं शीर तुझ्या पायाशी आणतो. लढाईत तोच मागे रेटला जाऊ लागला, तेव्हा देवीचं नाव घेतलं आणि तलवार आपोआप म्यानातून उसळून दुर्गशहाचं शीर उडालं म्हणतात. पुढे बीरशहाची राणी हिराई हिने महाकालीचं देऊळ बांधलं आणि दुर्गशहाचं दगडी मुंडकं देवगडकडे तोंड करून वर बसवलं, असं सांगतात. चैत्राच्या यात्रेत पार नांदेडकडून माणसं येतात, कळसाला हात जोडतात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की सासूने जावई वर बसवलाय? (मोठा हशा)

चिठ्ठी आली आहे. 'देवगडच्या बाजूचा साक्षीदार कुठे आहे?' सही नाही, पण अक्षर मास्तरांचं दिसतं. गुरुजी, हरलेला व्याही असली गोष्ट कशाला मिरवील? आणि दोन साक्षीदारांची अट मी लग्नाला घातली आहे, मुंडक्याला नाही. (टाळ्या) नाही, टाळ्या नकोत, ते अजून मान हलवताहेत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. हिराईवर अर्धा तास ठेवला होता, आता पाच मिनिटांत आटोपतो. बीरशहा आपल्याच दुसऱ्या लग्नाच्या वेळी हिरामण नावाच्या रजपुताच्या हातून मेला, असं परंपरा सांगते. हिराईने अचलेश्वराजवळ त्याची समाधी बांधली, साऱ्या गोंड राजांत सर्वांत देखणी. सवत आणायला निघालेल्या नवऱ्याची, हे लक्षात ठेवून ती बघा. पोटी मुलगा नव्हता. चंदनखेड्याच्या भाऊबंदांतला रामशहा तिने दत्तक घेतला आणि तो कर्ता होईपर्यंत राज्य हाकलं. त्या 19 नावांत ती नाही. भूमा आणि लोकबा या दोन भावांना मिळून एक आकडा दिलाय, हिला तेवढाही नाही.

दत्तकालाही माझी अट लागू पडते. चंदनखेड्याने दिला, चांद्याने घेतला. म्हणून रामशहाचं नाव मला त्या यादीत सगळ्यांत पक्कं वाटतं. पुढे नीलकंठशहाला रघूजी भोसल्यांनी बल्लारपूरच्या किल्ल्यात कोंडलं, तिथे यादी संपते.

अहेरीच्या जमीनदारीचं राहिलंच. 1858मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाक्यांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदार लक्ष्मीबाईंचा हात आणि बक्षिसादाखल मिळालेली आडपल्ली-घोटची 67 गावं, हा विषय काढला तर इथे बसलेले दोन्हीकडचे सोयरे मला जेवल्याशिवाय घरी पाठवतील. (हशा) शिवाय वीज आठलाच जाते. गुरुजी, तुमचा प्रश्न आधी घेतो.