विद्येचे गोत्र

वडोदऱ्याच्या पश्चिम अंगास गोत्री नावाचे गाव आहे. शहर वाढत गेले आणि हे गाव त्यात सामावले. आज तेथे वैद्यकीय महाविद्यालय असून तेथील पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली आपले प्रबंध लिहितात. १९४९ साली स्थापन झालेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ याच शहरात आहे. गोत्री या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ते कानी पडताच मराठी श्रोत्याला गोत्र हा शब्द आठवतो. आणि डॉक्टरेटसाठी झटणारा विद्यार्थी व त्याचा मार्गदर्शक यांच्या नात्यास याहून समर्पक शब्द मिळणे कठीण. पाणिनीनेही जन्माच्या संबंधाशेजारीच विद्येचा संबंध सांगितला आहे. जन्माचे गोत्र मनुष्यास निवडता येत नाही. विद्येचे गोत्र मात्र निवडता येते, आणि त्याच्याशी मतभेद करूनही त्यात राहता येते.

वडोदरा विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाची वंशावळ या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिचे मूळपुरुष मालवणचे. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ साली तेथे झाला. केंब्रिज येथे ते रिव्हर्स या विद्वानाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करीत असता १९२२ मध्ये रिव्हर्स अकस्मात निवर्तले. परदेशातील विद्यार्थ्याचा आधारच तुटावा असा तो प्रसंग. परंतु हॅडन यांनी त्यांना आपल्या छायेखाली घेतले आणि काम तडीस गेले. १९२४ पासून १९५९ पर्यंत घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग चालविला, आणि भारतातील समाजशास्त्रज्ञांची एक पिढीच्या पिढी त्यांच्या हाताखाली तयार झाली.

त्यांपैकी एक म्हैसूरचे श्रीनिवास. कूर्गमधील कोडगू समाजाविषयी पुष्कळ सामग्री जमवून त्यांनी मुंबईस मोठा प्रबंध लिहिला. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले. तेथे रॅडक्लिफ-ब्राउन यांनी त्यांना नवा मुलूख धुंडाळण्यास धाडले नाही. हीच सामग्री पुन्हा पाहा, धर्म आणि समाजरचना यांचे धागे एकमेकांत कसे गुंतले आहेत ते शोधा, अशी दिशा दिली. रॅडक्लिफ-ब्राउन निवृत्त झाल्यावर इव्हान्स-प्रिचर्ड यांनी ते काम पुढे नेले. त्यातून १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ‘संस्कृतीकरण’ ही कल्पना मांडली गेली, आणि आज ती समाजशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. सामग्री तीच होती. तिला विचारलेला प्रश्न बदलला. पुढे श्रीनिवासांनी आपल्या मुंबईच्या गुरूंच्या पद्धतीवर उघड टीका केली. परंतु पहिल्या गुरूच्या हाताखाली तपशिलाचा तो ढीग जमलाच नसता, तर दुसऱ्या गुरूने प्रश्न तरी कशाला विचारला असता?

घुर्ये यांचेच दुसरे विद्यार्थी अक्षयकुमार देसाई. नडियादचा जन्म, वडोदरा संस्थानच्या सेवेत असलेल्या रमणलाल देसाई या गुजराती कादंबरीकाराचे हे पुत्र. भारतीय राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी त्यांनी मार्क्सवादी दृष्टीने उलगडली. घुर्ये यांचा पिंड त्याहून सर्वस्वी निराळा. तरीही तो प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पूर्ण झाला, १९४८ मध्ये ग्रंथरूपाने आला, आणि १९५१ पासून देसाई घुर्ये यांच्याच विभागात शिकवू लागले. शिष्याच्या निष्कर्षाशी सहमत होणे हे गुरूचे काम नव्हे; निष्कर्षास पुरावा आहे की नाही, हे पाहणे त्याचे काम.

याची उलट बाजू इरावतीबाई कर्वे यांच्या अनुभवात दिसते. त्याही मुंबईस घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी. पुढे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांनी त्यांना मानवी कवट्यांच्या मापनाचे काम दिले. युरोपीयांचे श्रेष्ठत्व त्या मापांत उमटेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. मापांत तसे काही दिसेना. परक्या देशी, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच मताविरुद्ध जाण्याचा हा प्रसंग. बाईंनी जे दिसले तेच लिहिले. त्याच फिशर यांची वंशकल्पना पुढे नाझी राजवटीच्या कामी आली. मार्गदर्शकाच्या मर्जीपुढे आकडे वाकविणारा विद्यार्थी केवळ स्वतःचेच नुकसान करतो असे नाही, हे यावरून ध्यानी यावे.

वर्तमानात या नात्याभोवती नियमांची भक्कम चौकट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली घातलेल्या मर्यादेनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा आणि सहायक प्राध्यापकास चार संशोधक घेता येतात. विद्यार्थ्याने दर सहामाहीस सल्लागार समितीपुढे आपली प्रगती मांडावयाची असते. संमत झालेले प्रबंध गांधीनगरच्या केंद्रातून चालणाऱ्या ‘शोधगंगा’ या संग्रहात कोणालाही वाचता येतात. हे सारे इष्टच. तथापि टेबलावर चार महिने पडून राहिलेले प्रकरण नियमाने वाचले जात नाही. ते मार्गदर्शकाने लेखणी हाती घेऊन, ओळीओळीने वाचावे लागते, ‘हे कशावरून?’ असे समासात लिहावे लागते. इकडे विद्यार्थ्याच्या उमेदीची पाच-सहा वर्षे त्या टेबलापाशी अडकलेली असतात. घरची माणसे वाट पाहत असतात, शिष्यवृत्तीची मुदत सरत असते.

श्रीनिवास १९५१ साली वडोदऱ्यास आले आणि तेथील समाजशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. घुर्ये यांचेच आणखी एक शिष्य आय. पी. देसाई हेही तेथे अध्यापक होते. त्या विभागातून पुढे आलेल्या अरविंद शहा यांनी खेडा जिल्ह्यातील राधवाणज या गावाचा अभ्यास केला, आणि एका सहकाऱ्यासह गुजरातच्या वहीवंचा बारोटांवर निबंध लिहिला. बारोट म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या वंशावळी वहीत उतरविणारे लोक. मालवणच्या घुर्ये यांच्यापासून निघालेली रेघ म्हैसूरवरून वडोदऱ्यास आली, आणि गुजरातेतील एका तरुणाने त्या वह्या उघडल्या. घुर्ये यांनी त्यास शिकविले नव्हते. पण ‘हे कशावरून?’ हा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचला होता.