गणितातील शोध आणि छोटी आज्ञावली



नाशिकजवळील देवळाली येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे शाळाशिक्षक होते. संख्यांचे गुणधर्म शोधणे हा त्यांचा आयुष्यभराचा छंद. त्यांनी दाखविलेली एक गंमत जगभर प्रसिद्ध आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे उत्तर बदलत नाही.

प्रत्येक संख्या ६१७४ वरच येते काय, हे आज संगणकाकडून तपासून घेता येते. त्यासाठी मोठी सामग्री लागत नाही. अंक सुटे करणे, क्रम लावणे, वजाबाकी करणे, पायऱ्या मोजणे व उत्तर लिहून ठेवणे, एवढ्याच आज्ञांची दहापंधरा ओळींची आज्ञावली पुरते. ती क्षणार्धात ९९९० संख्या तपासते व सांगते की, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सर्व ६१७४ वर येतात.

मात्र आज्ञावली लिहिताना दक्षता हवी. १००० घेतल्यास पहिले उत्तर ९९९ येते. ते ०९९९ असे चार अंकी मानले तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ व ६१७४ असा क्रम लागतो. पुढचे शून्य गळाले तर ९९९ मधून ९९९ वजा होऊन शून्य उरते आणि निष्कर्ष चुकतो. म्हणून हाताने सोडविलेली काही उदाहरणे आज्ञावलीकडून आधी करवून घ्यावीत व ताळा पाहावा.

खरा लाभ याच्या पुढे आहे. आज्ञावलीला केवळ पहिल्या वजाबाकीची उत्तरे लिहावयास सांगितली, तर ९९९० संख्यांपासून निरनिराळी उत्तरे अवघी ५४ निघतात. असे का, हा प्रश्न संगणकास पडत नाही. तो अभ्यासकास पडतो. कारण सोपे आहे. उतरत्या क्रमातील पहिल्या व शेवटच्या अंकांतील फरकाची ९९९ पट आणि मधल्या दोन अंकांतील फरकाची ९० पट, यांची बेरीज म्हणजेच ते उत्तर. पहिला फरक १ ते ९ असतो. दुसरा त्याहून मोठा होऊ शकत नाही. म्हणून जोड्या २ + ३ + … + १० = ५४. तेव्हा ९९९० ऐवजी ५४ संख्या तपासल्या तरी सिद्धता पूर्ण होते.

जेथे संख्या अनंत असतात तेथे मात्र नुसती तपासणी पुरत नाही. एखाद्या संख्येच्या वर्गात तीच संख्या व ४१ मिळवावेत. ० ते ३९ पर्यंत प्रत्येक वेळी मूळ संख्या मिळते; ४० घेताच १६८१, म्हणजे ४१ × ४१ येते. चाळीस उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध झाला, असे मानणारा येथे फसतो. उदाहरणांवरून अनुमान करावे, आणि अनुमानास सिद्धतेची जोड द्यावी, हीच गणिताची शिस्त होय.

ही शिस्त मुलांना लावण्यास संगणकच हवा असे नाही. ती ५४ उत्तरे वर्गातील मुलांत वाटून द्यावीत. प्रत्येकाने आपली संख्या ६१७४ पर्यंत न्यावी व पायऱ्या फळ्यावर मांडाव्यात. संपूर्ण सिद्धता वर्गाने स्वतःच्या हाताने पुरी केली, हा आनंद त्या मुलांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील.