मेंदूच्या दुखापतीनंतरचे स्वावलंबन

मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतला लिपिक आहे. तरीही डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाविषयी बोलायचे ठरवले, कारण असा माणूस दवाखान्यातून सुटला की पुढे त्याची गाठ डॉक्टरपेक्षा घरच्यांशी, कचेरीशी आणि बँकेशीच जास्त पडते. आपल्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मोटारसायकल घरोघर आली, हेल्मेट मात्र आले नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. पूर्वी रस्त्यातच दगावला असता असा माणूस आता वाचू शकतो. वाचल्यानंतर काय, एवढाच माझा विषय.

हात मोडला तर प्लॅस्टर दिसते, मेंदूची इजा दिसत नाही. टाके वाळतात, केस वाढतात आणि लोक म्हणतात, "चांगला धडधाकट तर आहे, आता काय झालं याला?" पण मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला तर काम सुरू करण्याची उभारीच जाऊ शकते, राग आवरत नाही. डाव्या बाजूला बसला तर बहुधा शब्द सापडत नाहीत, उजवा हात ऐकत नाही. थोड्याशा कामाने माणूस गळून जातो. हा आळस नव्हे. मेलेल्या पेशी बहुतांशी परत येत नाहीत, परंतु उरलेल्या पेशी सरावाने आपसात नवे जोड तयार करतात. म्हणून तीच कृती, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा करावी लागते.

क्रिकेटची आवड असलेल्यांना नरी कॉन्ट्रॅक्टर हे नाव माहीत असेल. मार्च १९६२ मध्ये भारताचे हे कर्णधार बार्बाडोसला खेळत असताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला आणि कवटी फुटली. वय अवघे २८. तातडीने शस्त्रक्रिया झाली. रक्त द्यायला प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे आले, आपले नाडकर्णी, बोर्डे, उम्रीगरही आले. पुढे डोक्यात धातूची पट्टी बसवली, ती २०२२ साली मुंबईत काढली. सुमारे दहा महिन्यांत ते पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले आणि कित्येक वर्षे खेळले. कसोटी मात्र पुन्हा कधी मिळाली नाही. मला या गोष्टीतला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे "पहिल्यासारखा झाला का?" असे विचारतात. पहिल्यासारखा झाला नाही तरी तो खेळू शकतो, हे कोणी ध्यानात घेत नाही.

दुसरे उदाहरण एका रशियन सैनिकाचे. १९४३ साली झासेत्स्कीच्या डोक्यात गोळी घुसली. वाचणे गेले, अक्षरे ओळखू येईनात. एकेक अक्षर जुळवून लिहिणे त्याला जमेना, तेव्हा हात न उचलता सबंध शब्द एका झटक्यात लिहून बघ, असे त्याला सांगण्यात आले. आणि ते जमले! डोके विसरले होते ते हाताला पाठ होते. पुढे सुमारे २५ वर्षांत त्याने आपल्या आयुष्याची तीन हजारांच्या आसपास पाने लिहिली. स्वतःचे लिहिलेले त्याला मोठ्या कष्टानेच वाचता येई. लुरिया या मानसशास्त्रज्ञाने त्याच्यावर पुस्तक लिहिले आहे.

हे वाचताना मला आमच्या काउंटरवरची सही आठवली. सहीसुद्धा अशीच हाताला पाठ झालेली असते. ती बदलली असेल तर नवा नमुना देता येतो. आजारपणामुळे सही करता येत नसेल तर बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. रिझर्व्ह बँकेचाच तसा नियम आहे. घरचे लोक प्रेमापोटी पासबुक, एटीएम कार्ड काढून घेतात, ते मग परत देत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १३ सांगते की आपल्या पैशाचा व्यवहार सांभाळण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. आधार लागला तर द्यावा. आधी शंभर रुपये आणि यादी देऊन बाजारात सोबत जा, मग कोपऱ्यावर थांबा, मग घरीच थांबा. खिशात वही असू द्या. फिटची गोळी मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आले तर कलम २० प्रमाणे नोकरीवरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. घाबरून राजीनामा लिहून देऊ नये. पण टोळीतल्या माणसाला कसले कलम? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक पडला की कोयता मोडतो, मुकादमाची उचल मात्र तशीच राहते. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आम्ही खातेदारांना देतो. त्यात मृत्यू आहे, डोळे आहेत, हात-पाय आहेत. स्मरणशक्ती नाही, वाचा नाही. मेंदूच्या इजेने हात किंवा पाय कायमचा निकामी झाला असेल तर दाव्याची चौकशी जरूर करावी. पण केवळ आठवण गेलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर त्या यादीत नाही. माझ्या मते ते असायला हवे.

अपंगत्वाच्या २१ प्रकारांत मेंदूची इजा या नावाचा वेगळा प्रकार नाही. तिच्यामुळे चालणे, बोलणे, समजणे यांत जे उणे आले त्यावर प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावरून स्वावलंबन कार्ड. त्याचा अर्ज ऑनलाइन आहे. आपल्या संस्थेतल्या महाविद्यालयीन मुलामुलींनी गावोगावच्या अशा माणसांचे अर्ज भरून द्यावेत, ही माझी विनंती. मजकूर तुम्ही भरा, सही त्यालाच करू द्या. वेळ लागेल. बँकेत रांग खोळंबली तर त्या लोकांची समजूत मी घालीन.