इंद्रायणीचे आईवडील



हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा मुळशी तालुक्यातल्या माणच्या शिवारात उभा राहिला. पण हा तालुका मूळचा भाताचा. इथल्या खाचरांत पिकणारा इंद्रायणी तांदूळ तुमच्यापैकी अनेकांच्या घरी शिजतो. आईवडिलांचे गुण संततीत कसे उतरतात, हे त्याच्याकडूनच समजून घेऊ.

वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ साली हा वाण दिला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो निघाला. आंबेमोहोर सुवासिक, पण उंच वाढणारा. वाऱ्यापावसाचा मारा बसला की लोळतो. आयआर ८ हा फिलिपिन्समधला १९६६ सालचा वाण. बुटका, भरघोस, पण बिनवासाचा.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती रोपाला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. सुवास आणि हा बुटकेपणा, दोन्ही गुण अप्रभावी आहेत. दोन्ही प्रती त्याच गुणाच्या असतील तरच तो दिसतो. म्हणून अशा संकराची पहिली पिढी उंच आणि बिनवासाची निघते. दोन्ही घराण्यांचं चांगलं तेच बुडालं, असं वाटावं. पण ते फक्त झाकलेलं असतं. पुढच्या पिढीत सरासरी चारांतलं एक रोप बुटकं होतं, चारांतलं एक सुवासिक; आणि दोन्ही गुण एकत्र आलेलं रोप सोळांत एक मिळतं. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरच्या प्रयोगांतून हे गणित १८६६ साली प्रसिद्ध केलं. उत्पन्नासारखे गुण मात्र अनेक जनुकांवर अवलंबून असतात. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागते.

भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळतो. त्यामुळे एकदा स्थिर झालेला वाण तसाच उतरतो, आणि इंद्रायणीचं बी शेतकऱ्याला घरी राखता येतं. बाजारातल्या संकरित बियाण्याचं तसं नाही. त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात.

शेतकरी बंधुभगिनींनो, इंद्रायणीला सुवास मिळाला तो आंबेमोहोर कुणीतरी जपला होता म्हणून. खाचरं आक्रसत आहेत. ज्यांच्याकडे आंबेमोहोराचं बी आहे, त्यांनी निदान एका खाचरात ते दरवर्षी लावावं, कापणीआधी भेसळीची रोपं उपटावीत आणि निवडक लोंब्यांचं बी वेगळं राखावं. उद्याच्या नव्या वाणाला तेच लागणार आहे.