सुप्याचे पाणी आणि माणसाची इच्छा



काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपा हे तालुक्याचे गाव होते. १९८७ साली काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे धरण पुरे झाले. गाव जलाशयात गेले, लोक रामनगरास वसविले गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. घर गमावलेला माणूस अशा वेळी सहज म्हणून जातो, ‘प्रारब्ध!’ माणसाला इच्छास्वातंत्र्य आहे काय, हा सारा वाद त्या एका शब्दात दडलेला आहे.

शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाने १८३९ साली नॉर्वेत पारितोषिक मिळविलेल्या निबंधात पाण्यालाच बोलते केले आहे. आपण लाटा उसळवू शकतो, कड्यावरून झेपावू शकतो, पण तूर्त स्वखुशीने तळ्यात स्वस्थ आहोत, अशी त्या पाण्याची समजूत! सुप्याच्या जलाशयाने असे म्हटले तर आपण हसू. दरवाजे कोणाच्या हाती आहेत हे आपल्याला ठाऊक असते. माणसाची स्थिती याहून निराळी नाही, असे शोपेनहॉवरचे म्हणणे.

१९८३ साली बेंजामिन लिबेट यांच्या प्रयोगाने या मताला बळ दिले. हात हलविण्याची इच्छा झाल्याचे भान येण्यापूर्वी सुमारे एकतृतीयांश सेकंद मेंदूतील तयारी सुरू झालेली आढळली. प्रयोग महत्त्वाचा खरा. परंतु हात हलविणे निराळे आणि घर हलविणे निराळे. देव कोठे न्यायचे, शेजार सोडायचा की धरायचा, जमीन घ्यावी की पैसा, याचा खल महिनोन्‌महिने चालतो. त्यात कारणे असतात, तशीच ती तोलणारा माणूसही असतो. स्वातंत्र्य शोधायचे ते या तोलण्यात. सेकंदाच्या तुकड्यात ते सापडायचे नाही.

लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात घेतले. ग्रंथ लिहिला तो मंडालेच्या तुरुंगात, जेथे दार उघडणे त्यांच्या हाती नव्हते. कर्माची साखळी त्यांनी नाकारली नाही. मात्र सारे प्रारब्धावर टाकून स्वस्थ बसणेही त्यांना मान्य नव्हते.

पूर नदीचा असतो. धरण मात्र कोणीतरी ठरविलेले असते. विजेसाठी गाव द्यावे की न द्यावे, हा विचार माणसांनी केला. तो योग्यही असेल. तथापि त्याला प्रारब्ध म्हटले की जाब विचारण्यासारखे कोणी उरतच नाही. दुःख सोसणाऱ्याने तो शब्द उच्चारावा, त्यात सांत्वन आहे. निर्णय घेणाऱ्याने उच्चारला तर ती पळवाट होय.

उलट बाजूची चूकही तितकीच वाईट. भरपाई घेतली म्हणजे संमती दिली, असे कागदावरून म्हणता येईल. पण एका हाताला पावती आणि दुसऱ्या हाताला चढते पाणी असताना केलेली सही किती स्वेच्छेची? त्या सहीवरून रामनगरला गेलेल्या माणसाने पुढे नव्या अंगणात तुळस लावली, ती मात्र कोणत्याही हुकमाने नव्हे.